खिडकीला हवी ठिपक्यांची रांगोळी

बाल्कनीत कुंड्या, पाण्याचं भांडं, पपईची फोड... आणि मागे चकाचक काच! पक्ष्यांना आपण घरी बोलावतो आणि त्यांच्या वाटेत एक न दिसणारी भिंतही उभी करतो. ती भिंत त्यांना दिसावी, यासाठी फक्त एक रविवार पुरतो.

नवा फ्लॅट म्हटला की हल्ली काही गोष्टी ठरलेल्याच असतात. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत काच! समोर एखादा गुलमोहर किंवा पिंपळ असेल तर मग विचारायलाच नको. ईएमआयचा आकडा विसरायला लावणारा व्ह्यू! त्यात भर म्हणून आपण बाल्कनीत जास्वंद लावतो, मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवतो, हौसेनं एखादा बर्ड फीडर टांगतो. सकाळचा चहा घेत बुलबुलाची जोडी न्याहाळणं हा तर आठवडाभराच्या मीटिंगांवरचा रामबाण उतारा.

आणि मग एखाद्या दुपारी ‘ठक्’ असा आवाज येतो. काचेवर पुसटसा धुरकट ठसा, फार तर एखादं चिकटलेलं पीस. खाली बघावं तर कोणीच नसतं. ‘उडून गेला बिचारा’, असं म्हणून आपण पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालतो.

तो उडाला हे खरं. पण वाचला का?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या म्युलेनबर्ग कॉलेजचे पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम यांनी १९७० च्या दशकापासून हा एकच प्रश्न लावून धरला. काच आणि पक्षी. त्यांचा निष्कर्ष वाचून माझा चहा गार झाला होता. काचेवर आदळणाऱ्या दर दोन पक्ष्यांपैकी निदान एक तरी मरतो. आपल्याला वाटतं, मान मोडत असेल. तसं नसतं. मार बसतो तो मेंदूला. आत रक्तस्राव होतो, सूज चढते. पक्षी थोडा वेळ गुंगीत बसतो, उठून उडूनही जातो आणि काही तासांनी भलतीकडेच, एखाद्या झुडपाखाली संपतो. म्हणजे आपल्या बाल्कनीत पडलेला पक्षी दिसला नाही, याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही.

काच दिसत नाही... तुम्हालाही!

‘एवढी मोठी काच, पक्ष्यांना दिसत कशी नाही?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझा उलट प्रश्न असतो, मॉलच्या काचेच्या दारावर आडवी रंगीत पट्टी कशाला चिकटवलेली असते हो? तुमच्या-माझ्या कपाळासाठीच ना! स्वच्छ काच माणसालाही दिसत नाही. आपण चौकट, हँडल, बोटांचे डाग यांवरून अंदाज बांधतो. काच नावाची वस्तू जगात असते, हे आपण लहानपणी एकदोन टेंगळं खाऊन शिकलेलो असतो. पक्ष्यांना ती शिकवणी मिळत नाही. पहिलाच धडा जिवावर बेततो.

त्यांना काच दोन प्रकारे फसवते. पहिली फसवणूक प्रतिबिंबाची. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि घरात त्या मानानं अंधार, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काच म्हणजे चक्क आरसा असतो. विश्वास बसत नसेल तर दुपारी खाली सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून आपलीच खिडकी बघा. तुमचा हॉल दिसणार नाही. दिसेल तो गुलमोहर आणि त्यामागचं निळं आकाश! बुलबुलालाही तेच दिसतं, आणि तो त्या दुसऱ्या गुलमोहरावर बसायला निघतो.

दुसरी फसवणूक आरपार दिसण्याची. बाल्कनीचं काचेचं रेलिंग, कोपऱ्यावर दोन काचा जोडलेली खिडकी, किंवा समोरासमोर खिडक्या असलेला हॉल. यातून पलीकडची झाडं थेट दिसतात. पक्ष्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे. काचेच्या आत हौसेनं ठेवलेली मोठी इनडोअर झाडंही त्याला असंच खुणावतात.

‘आम्ही तर सहाव्या मजल्यावर राहतो, हे बंगलेवाल्यांचे प्रॉब्लेम,’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी आकडेवारी. अमेरिकेत २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे इमारतींवर आदळून वर्षाला साधारण साडेछत्तीस कोटी ते नव्याण्णव कोटी पक्षी मरतात, असा त्यातला अंदाज. गंमत म्हणजे यात गगनचुंबी टॉवर्सचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. तीन मजल्यांपर्यंतची घरं ४४ टक्के आणि चार ते अकरा मजली इमारती ५६ टक्के! टॉवर मुळात संख्येनंच कमी असतात, हे मान्य. पण पक्षी वावरतात ते झाडांच्या उंचीवर, आणि तिथेच आपल्या खिडक्या असतात. मुंबई-पुण्यातली आपली नेहमीची सोसायटी नेमकी याच उंचीची!

यजमानच वैरी?

माझी एक मैत्रीण बाणेरच्या टेकडीजवळ राहते. आयटीतली नोकरी, उरलेला सगळा वेळ बाल्कनीला. जास्वंद, कृष्णकमळ, कढीपत्ता, रोज सकाळी केळं नाहीतर पपईची फोड. तिच्याकडे बुलबुल येतात, शिंजीर येतात, टुक टुक करणारा तांबटही येतो. एका उन्हाळ्यात महिन्याभरात तिच्या स्लायडिंग दारावर तीन पक्षी आदळले. दोन बुलबुल आणि एक तांबट. तांबट तिच्या हातातच गेला. तिनं फोन केला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. ‘मी बाल्कनी केलीच नसती तर तो इकडे आलाच नसता गं,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. बाग आणि काच शेजारी आली की सापळा तयार होतो. पण बाग काढून टाकणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. शहरात मुळात झाडं उरलीत किती! दुरुस्ती करायची ती काचेची.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी आधी डिटेक्टिव्हगिरी केली. दाराच्या काचेवर ठसे कुठे आहेत ते पाहिलं. त्या जागी बाहेरून काय दिसतं, तेही पाहिलं. जिथे ठसे होते तिथे नेमकी जास्वंद आणि मागचा कडुनिंब लख्ख दिसत होते. फीडर दारापासून सात-आठ फुटांवर, बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला होता. म्हणजे दचकलेल्या पक्ष्याला वेग घ्यायला अगदी पुरेसं अंतर!

एक स्टिकर पुरत नाही

अशा वेळी सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे काचेवर ससाण्याचं काळं स्टिकर. दिसायला स्टायलिश, लावायला सोपं. पण त्याचा उपयोग जवळजवळ शून्य! पक्षी त्या आकृतीला घाबरत नाही. मध्ये काहीतरी आलंय एवढंच त्याला कळतं, तो ते चुकवतो आणि बाजूच्या मोकळ्या काचेवर आदळतो. एखादी जुनी सीडी टांगणं, प्लॅस्टिकचं घुबड बसवणं, यांचीही तीच गत.

कारण सोपं आहे. झाडाच्या दाट फांद्यांमधून सुसाट जाणं हे पक्ष्याचं रोजचंच काम. तळहाताएवढी फट म्हणजे त्याच्या लेखी दरवाजा. म्हणून काचेवर जे काही करायचं, ते असं हवं की ‘इथून आपण जाऊ शकत नाही’ हे त्याला लांबूनच कळावं. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, खूण काचेच्या बाहेरच्या बाजूला हवी. आतून लावलेली खूण प्रतिबिंबामागे लपून जाते.

दोन, खुणा संपूर्ण काचेवर हव्यात. फक्त मध्यभागी किंवा कोपऱ्यात नकोत.

तीन, दोन खुणांमधलं अंतर पाच सेंटिमीटरच्या वर नको, आडवंही आणि उभंही. ठिपके असतील तर प्रत्येक ठिपका निदान सहा मिलिमीटरचा असावा.

हे तिसरं वाचून मैत्रीण हसायलाच लागली. ‘म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की!’

अगदी! आणि आपल्याकडे तर त्याचं तंत्र पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. उदबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आठवतो? अंगणात अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि अलगद उचलायचा. फक्त बाजारात मिळणाऱ्या कागदावरचे ठिपके फार जवळ असतात. म्हणून आम्ही ड्रॉइंग शीटवर पाच-पाच सेंटिमीटरवर दहा बाय दहा अशी शंभर भोकं पाडली, पेन्सिल आरपार जाईल एवढी. शीट काचेला बाहेरून चिकटपट्टीनं लावायचं, स्पंजच्या तुकड्यानं पांढरा रंग हलकेच टिपायचा, शीट काढून पुढे सरकवायचं. साधारण एक मीटर बाय दोन मीटरची दोन दारं सोळा वेळा शीट सरकवून पूर्ण झाली.

‘पण मग माझ्या व्ह्यूचं काय?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. हिशेब केला तर पेन्सिलच्या जाडीचे हे ठिपके काचेचा जेमतेम दीड टक्का भाग झाकतात. आपली नजर लांब बघायला लागली की ते जाणवेनासे होतात, गाडीच्या काचेवरच्या थेंबांसारखे. मैत्रिणीच्या सासूबाईंना तर ते डिझाइनच वाटलं. ‘कुठून आणली गं ही काच?’ असं त्यांनी विचारलं!

आपल्या घराला काय सूट होईल?

घर भाड्याचं आहे? मग पोस्टर कलर वापरा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातले की तो काचेला नीट धरतो आणि घर सोडताना ओल्या फडक्यानं पुसून टाकता येतो. घरमालकाला पत्ताही लागणार नाही. मात्र पावसाचा मारा थेट येणाऱ्या काचेवर तो टिकणार नाही. तिथे ऑइल पेंटचे मार्कर किंवा बाहेर वापरायचे व्हिनाइलचे गोल ठिपके बरे.

रंगकामाचा कंटाळा आहे? दोऱ्या टांगा. काचेच्या बाहेर, वरच्या चौकटीला पट्टी लावून दहा-दहा सेंटिमीटरवर जाडसर दोऱ्या खालपर्यंत सोडायच्या. त्या वाऱ्यावर हलतात आणि दिसतातही छान.

आजीच्या घरातली आयडिया हवी आहे? बाहेरून बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा सोडा. ऊन थांबतं, एसीचं बिल कमी येतं आणि पक्षीही वाचतात.

डास आहेतच ना? मग मच्छरजाळी काचेच्या बाहेरच्या बाजूनं बसवून घ्या. जाळीमुळे प्रतिबिंब मोडतं आणि पक्षी आदळलाच तरी मार कमी बसतो. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळीही चालेल, पण ती ताणून बसवलेली हवी. सैल, फाटक्या जाळीत पाय अडकून पक्षी लटकतात, तो आणखी वेगळा छळ.

काचेचं रेलिंग असेल तर त्यावरही ठिपके काढा. इथे काच आरपार दिसत असते, तेव्हा त्याला अजिबात सूट नको.

आणि एक सक्त सूचना. खिडकीबाहेर लटकून यातलं काहीही करू नका! बाल्कनीत उभं राहून जिथे हात पोचतो तिथलं आपण करायचं. बाहेरच्या बंद काचांसाठी सोसायटीची काचा धुणारी माणसं येतात तेव्हा त्यांच्याकडून करून घ्या. तोपर्यंत दुपारी आतले पडदे अर्धे ओढून ठेवा, काचेजवळची मोठी झाडं आत सरकवा. पूर्ण नाही, पण थोडा फरक पडतो.

राहिला फीडर. तो काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर सरळ नऊ-दहा मीटर लांब. अगदी जवळ असेल तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेगच घेता येत नाही, धडकला तरी निभावतो. सगळ्यात वाईट ते मधलं अंतर. आमच्या मैत्रिणीचा फीडर आता दाराला जवळजवळ खेटून आहे, त्यामुळे बुलबुल आधीपेक्षा जवळून दिसतात, हा बोनस!

आरशातला शत्रू

एक वेगळी केसही सांगायला हवी. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण उन्हाळा सुरू झाला की, एखादा दयाळ किंवा शिंजीर तासन्‌तास त्याच काचेवर चोच मारत बसतो. पार्किंगमधल्या गाड्यांच्या आरशांवरही हा तमाशा चालतो. तो वेडा झालेला नसतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, अशी त्याची ठाम समजूत झालेली असते. यात तो सहसा मरत नाही, पण बिचारा दमतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं. आरशावर जुना मोजा चढवा, काचेचा तेवढा भाग बाहेरून काही दिवस कागदानं झाका. शत्रू गायब, भांडण मिटलं!

ऑफिसमध्येही बोलूया

दिवसाचे दहा तास आपण जिथे असतो, त्या हिंजवडी, खराडी, बीकेसीतल्या इमारतींना तर भिंतीच काचेच्या आहेत. तिथे आपण काय करणार, असं वाटतं ना? मग शिकागोची गोष्ट ऐका.

शिकागोत तलावाकाठी मॅककॉर्मिक प्लेस नावाचं प्रचंड मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, स्थलांतराच्या ऐन हंगामात, तिथल्या एकाच इमारतीवर आदळून एका रात्रीत आणि सकाळी मिळून सुमारे एक हजार पक्षी मेले. खूप पक्षी रात्री प्रवास करतात आणि झगमगत्या दिव्यांनी भरकटतात. वर काचेचा सापळा. बातमी जगभर गेली. पुढच्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, त्या इमारतीच्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म चढवण्यात आली. त्यानंतरच्या हंगामात तिथे मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण साधारण ९५ टक्क्यांनी घटलं! न्यूयॉर्क शहरानं तर २०१९ मध्ये कायदाच मंजूर केला. तिथे नव्या इमारतींना पक्ष्यांना दिसेल अशीच काच वापरावी लागते.

आपण सुरुवात छोटी करू शकतो. रात्री शेवटी निघणाऱ्यानं फ्लोअरचे दिवे बंद करायचे, हा ईमेल पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. विजेच्या बिलाचा मुद्दा पुढे केला तर अॅडमिनवाले खूशच होतील! कॅफेटेरियासमोर लॉन आणि झाडं असतील तर खालच्या एक-दोन मजल्यांच्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावायला सुचवा. पक्ष्यांचे ठसे दिसले तर तारखेसह फोटो काढून ठेवा. पाच फोटो दाखवले की पटकन पटतं.

आदळलाच तर?

आधी त्याला मांजर आणि कावळ्यांपासून वाचवा. मऊ फडक्यानं अलगद उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. चपलेचं खोकं छान. झाकणाला हवेसाठी भोकं पाडा, झाकण लावा आणि खोकं शांत, सावलीच्या जागी ठेवा. अंधारात पक्षी शांत होतो.

चोचीत पाणी घालू नका! आपल्याकडे हा पहिला उपचार समजला जातो आणि तोच घातक ठरतो. गुंगीतल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं. दूध, भात, बिस्कीट काहीही नको. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं नको, सेल्फी तर नकोच नको.

तास-दोन तासांनी खोकं बाहेर, झाडाजवळ नेऊन उघडा. उडाला तर उत्तम. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा तो उठतच नसेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय, इथे मदत मिळते. त्याला घरीच ठेवून घेण्याचा मोह आवरा. जंगली पक्षी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

नवरंग येण्याआधी

मे संपता संपता, पावसाच्या जरा पुढे, आपल्याकडे एक पाहुणा येतो. नवरंग. बुलबुलाएवढा, आखूड शेपटीचा आणि अंगावर नावाप्रमाणे रंगांची उधळण. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून, रात्री-रात्री उडत तो वर सरकतो. आपल्या जंगलांत घरटं करायला येणाऱ्या या पक्ष्याला मधे लागतात ती आपली शहरं, आपले दिवे आणि आपल्या काचा. दर वर्षी या दिवसांत मुंबई आणि आसपासच्या इमारतींमधून दमलेले, जखमी नवरंग उचलून आणले जातात. शेकडो किलोमीटर पार करून आलेला पन्नास-साठ ग्रॅमचा जीव कोणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीशी संपतो, तेव्हा त्याच्या पोटात अंडी असू शकतात.

मैत्रिणीच्या दारावर ठिपके काढल्याला आता दोन उन्हाळे झाले. तेव्हापासून तिथे एकही ठसा उमटलेला नाही. पपईची फोड मात्र रोज दहाच्या आत फस्त होते.

तेव्हा येत्या रविवारी मल्टिप्लेक्सचा बेत थोडा संध्याकाळकडे ढकला. एक ड्रॉइंग शीट, एक उदबत्ती, स्पंजचा तुकडा आणि पांढऱ्या रंगाची बाटली. शेजारच्या फ्लॅटमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही बोलवा. ठिपके मोजायला त्यांच्याइतकं उत्साही कोणी मिळणार नाही!